अंबत्तूरचं दूध, गिंडीचा नकाशा

अंबत्तूर म्हटलं की चेन्नईकराला औद्योगिक वसाहत आठवते. लेथ, प्रेस, सुट्या भागांचे कारखाने. याच उपनगरात ‘आविन’ या तमिळनाडूच्या सहकारी दूधसंस्थेची डेअरीही आहे.

अशा डेअरीत पाश्चरीकरणाचा रूढ हिशेब ७२ अंश सेल्सिअस, १५ सेकंद. तेवढ्यात जंतू मेले की नाही, हे दर वेळी मोजत कोण बसणार? म्हणून डेअरीशास्त्राने साक्षीदार म्हणून निवडलं ते एक प्रथिन. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं विकर असतं. क्षयाचे जंतू मारायला लागते त्याहून किंचित जास्तच उष्णता त्याला निकामी करायला लागते. चाचणीच्या द्रावणाला पिवळा रंग चढला, तर विकर अजून कामावर आहे. दूध पुरतं तापलेलं नाही.

निकामी झालं म्हणजे तुटलं नव्हे. प्रथिनातली अमिनो आम्लांची साखळी शाबूत असते, उलगडते ती तिची घडी. जास्त तापवलेल्या क्रीममध्ये तर हे विकर साठवणीच्या काळात पुन्हा घडी घालून कामाला लागतं आणि तपासनिसाची पंचाईत करतं!

दह्याचंही तेच. विरजणाआधी दूध चांगलं उकळलं की बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उलगडतं, आत दडलेला गंधकाचा गट उघडा पडतो आणि केसीन या दुधातल्याच दुसऱ्या प्रथिनाच्या कणांना चिकटतो. दही घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं. पाश्चरीकरणाच्या १५ सेकंदांत हे फारसं होत नाही, म्हणून पिशवीतलं दूध नुसतं कोमट करून विरजलं तर दही पातळच होतं.

साखळी उलगडते, पुन्हा घडी घालते. पण वाटेल तशी वळू शकते का? याचं उत्तर याच शहरात, मद्रास विद्यापीठाच्या गिंडी परिसरात सापडलं. जी. एन. रामचंद्रन तिथे १९५२ मध्ये भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. भेटीला आलेले स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी कोलॅजेनचं कोडं त्यांच्यापुढे टाकलं. कातडी, कंडरा, हाडं ज्याच्या जोरावर टिकतात ते हे प्रथिन. शेजारीच अड्यारला केंद्रीय चर्म संशोधन संस्था. कांगारूच्या शेपटीची कंडरा तिच्यामार्फत मिळाली आणि क्ष-किरण चित्रं घेतली गेली. गोपीनाथ कर्था यांच्यासह रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये तिपेडी रचना मांडली. पुढच्याच वर्षी सुधारणा: तिन्ही पेड एकमेकांभोवतीही पीळ घेतात. ही कल्पना त्यांना सुचली ती चंद्रावरून. पृथ्वीभोवती फिरताना तो तिच्याकडे एकच बाजू ठेवतो.

फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला, की या रचनेत काही अणू नको तितके जवळ आले आहेत. दुसरा एखादा चिडून गप्प बसला असता. रामचंद्रन यांनी मुळातलाच प्रश्न हाती घेतला: अणू किती जवळ येऊ शकतात? ज्ञात स्फटिकांतली अंतरं त्यांनी गोळा केली. साखळीच्या प्रत्येक कड्यापाशी मोकळेपणाने फिरू शकणारे कोन दोनच, फाय आणि साय. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत त्यांनी दोन्ही कोनांच्या जोड्या तपासल्या, तर बहुतेक ठिकाणी अणू एकमेकांवर आदळत होते. आलेखावर उरली ती मोजकी बेटं. हा नकाशा १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायोलॉजी’त छापून आला.

ग्लायसीन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. त्याला या नकाशावर पसरायला जागा जास्त मिळते. कोलॅजेनमध्ये दर तिसरं कडं ग्लायसीनचं, कारण पिळाच्या मध्यभागी दुसरं काही मावतच नाही. आजही प्रथिनाची नवी रचना जागतिक संग्रहात जमा करताना ती रामचंद्रन नकाशावर तपासली जाते, आणि किती कडी निषिद्ध भागात पडली याचा आकडा अहवालात येतो.