‘ॲव्हरो’ : एक विमान आणि एका नामाचा अर्थसंकोच

जालन्यास नियमित विमानसेवा नाही; जिल्ह्यातील प्रवाशास विमानाकरिता प्रथम चिकलठाणा गाठावे लागते. देशातील अनेक जिल्ह्यांची स्थिती अशीच आहे. अशा प्रदेशांना आखूड धावपट्टीवर उतरणारे, बेताच्या प्रवाशांतही परवडणारे विमान हवे असते. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान ही गरज भागविते. या इंजिनातील तप्त वायूंची शक्ती मुख्यत्वे पंखा फिरविण्याकडे खर्ची पडते. त्यामुळे मध्यम वेगात इंधनाची बचत होते व अल्प धावेत उड्डाण साधते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम डकोटा विमाने करीत. 1949 साली सुरू झालेली, नागपूर येथे एकत्र येणारी रात्रीची टपालसेवा त्यांच्यावरच उभी होती. डकोटाची जागा घेण्याच्या हेतूने ब्रिटनमधील ॲव्हरो कंपनीने ‘748’ हे विमान तयार केले. रोल्स-रॉइसची दोन डार्ट इंजिने असलेल्या या विमानाने 24 जून 1960 रोजी प्रथम उड्डाण केले. कानपूर येथील वायुदलाच्या कारखान्यात जुळविलेले पहिले विमान 1 नोव्हेंबर 1961 रोजी उडाले. त्यास दिवंगत एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ ‘सुब्रतो’ असे नाव देण्यात आले. 1964 साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली व कानपूरचा कारखाना तिच्याकडे आला. येथे एकूण 89 विमाने बांधली गेली. पैकी 72 वायुदलास व 17 इंडियन एअरलाइन्सला मिळाली. प्रवासी वाहतूक, अधिकाऱ्यांची ने-आण व वैमानिकांचे प्रशिक्षण ही त्यांची प्रमुख कामे होत. एका विमानावर टेहळणीच्या रडारची मोठी तबकडी बसवून प्रयोग चालले होते. 11 जानेवारी 1999 रोजी ते अरक्कोणमजवळ कोसळले व त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले.

आता नामाचा विचार करू. ‘ॲव्हरो’ हा संस्थापक ए. व्ही. रो यांच्या नावाचा संक्षेप होय. या कंपनीने लँकेस्टर, व्हल्कन अशी अनेक विमाने बांधली. 1963 साली तिचे नाव हॉकर सिडली समूहात लोपले व विमान अधिकृतपणे ‘एच. एस. 748’ झाले. भारतात मात्र ‘ॲव्हरो’ हेच नाव टिकले, व तेही या एकाच विमानापुरते. ‘डालडा’ या व्यापारी नामाचा मराठीत अर्थविस्तार झाला. ते वनस्पती तुपाचे सामान्यनाम बनले. ‘ॲव्हरो’च्या बाबतीत याउलट अर्थसंकोच घडला. ‘सुब्रतो’ हे एकाच विमानाचे विशेषनाम असल्याने ते जातिवाचक होऊ शकले नाही.

सप्टेंबर 2021 मध्ये ॲव्हरोच्या जागी 56 सी-295 विमानांचा करार झाला. त्यांपैकी 40 वडोदऱ्यास बांधावयाची ठरली. पहिले विमान 2023 साली वायुदलात दाखल झाले. तेही दोन टर्बोप्रॉप इंजिनांचेच आहे. नाव टिकते ते कागदोपत्री दिल्याने नव्हे. दीर्घ सेवेत ते रोज उच्चारले जाते म्हणून, असे ‘ॲव्हरो’वरून म्हणावयास हरकत नाही.