डावा गुडघा, उजवा गुडघा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, घाटघर किंवा आहुप्याच्या बाजूला, भाताची आवणी सुरू झाली की खाचरांच्या ओल्या बांधांवर अनवाणी पावलांचे ठसे उमटतात. असा एखादा माग नीट पाहा. डावा ठसा हा उजव्या ठशाचे आरशातील प्रतिबिंब असतो खरा. परंतु तो उजव्याच्या शेजारी न पडता एक पाऊल पुढे पडलेला असतो. परावर्तन आणि सरकणे या भूमितीतील दोन क्रिया इथे एकत्र आलेल्या दिसतात.

आपल्या गुडघ्यांचेही तसेच आहे. चालताना दोन्ही गुडघे एकाच क्षणी सारखे वाकत नाहीत. उजव्याने आता जे केले तेच डावा अर्ध्या आवर्तनानंतर करतो. उजवी टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक आवर्तन होते. त्याला साधारण १ सेकंद लागतो.

या एका सेकंदात गुडघा एकदा नव्हे, दोनदा वाकतो. टाच टेकते तेव्हा तो जवळजवळ सरळ असतो. अंगाचा भार पायावर येऊ लागताच तो १५ ते २० अंश वाकून धक्का झेलतो व पुन्हा सरळ होतो. मग पाऊल उचलण्याच्या सुमारास तो दुसऱ्यांदा वाकू लागतो आणि पाय अधांतरी असताना सुमारे ६० अंशांपर्यंत जातो. हे दुसरे वाकणे मोठे असले तरी स्नायूंना त्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. मांडी पुढे झेपावते, नडगी लंबकासारखी मागे राहते आणि मग झोका घेऊन पुढे येते. गुडघा असा वाकला नाही तर बोटे जमिनीला अडखळतील, कारण सपाट वाटेवर पुढे जाणारे पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असते!

आता प्रश्न असा की, निरोगी माणसाचे दोन्ही गुडघे अगदी सारखेच वाकतात का? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. एखाद्याचा गुडघा दुखावला तर तो मूळचा किती वाकत होता हे डॉक्टरांना कसे कळावे? ते बहुधा दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याकडे पाहतात. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मांडीपासून पाय गमावलेल्या माणसाला गुडघ्यासह नवा पाय बसवायचा, तर त्याची चाल जुळवून पाहायला जवळ असतो तो उरलेला पायच. ही मोजपट्टी कितपत भरवशाची?

समजा, एका विद्यार्थिनीच्या उजव्या गुडघ्याचे सर्वांत मोठे वाकणे पाच पावलांत ५८, ६१, ६०, ६२ आणि ५९ अंश भरले; डाव्याचे ५९, ५७, ६०, ६१ आणि ५८. सरासरी आली ६० आणि ५९. फरक फक्त १ अंशाचा. पण उजवा गुडघा स्वतःशीच तुलना करता एका पावलात ५८ तर दुसऱ्यात ६२ अंश वाकला आहे, म्हणजे ४ अंशांचा फरक! मग डाव्या-उजव्यातील त्या एका अंशाला कितीसे महत्त्व द्यायचे? निरोगी माणसांची चाल मोजली असता थोडाफार फरक आढळतोच, आणि तो दोष नव्हे. काहींच्या मते एक पाय तोल सांभाळण्याचे व दुसरा शरीर पुढे ढकलण्याचे काम थोडे अधिक करतो. मात्र यावर सर्वांचे एकमत नाही. फरक मोठा असेल, पावलोपावली त्याच बाजूला दिसत असेल आणि सोबत दुखतही असेल, तर डॉक्टरांना दाखवणे योग्य.

डोंगराळ मुलखात आणखी एक गंमत आहे. डोंगरउतारावरून आडव्या जाणाऱ्या पायवाटेवर डोंगर उजव्या हाताला असेल तर उजवे पाऊल उंचावर पडते व उजव्या गुडघ्याला जास्त वाकावे लागते. परत येताना डोंगर डावीकडे येतो आणि डाव्याची पाळी येते. जाऊन-येऊन हिशेब फिटतो म्हणा ना! कडेवर हंडा किंवा एका खांद्यावर दप्तर असले तरी चाल बदलते. शिवनेरीच्या पायऱ्यांची तर गोष्टच वेगळी. उंच पायरी चढताना गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकतो.

हे मोजायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. शाळेच्या पटांगणात अशी सपाट जागा निवडा की ओतलेले पाणी कोणत्याच बाजूला धावणार नाही. मित्राच्या मांडीच्या वरच्या टोकाला जाणवणारे हाडाचे उंचवटे, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याची बाहेरची बाजू यांवर, दोन्ही पायांना, रंगीत कागदाच्या टिकल्या चिकटवा. शिक्षकांचा मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला काटकोनात, चार-पाच मीटर दूर स्थिर ठेवा. मित्र जाताना उजवा पाय कॅमेऱ्याकडे येईल, परतताना डावा. चित्रण संथ गतीने दाखवून थांबवा व तीन टिकल्या जोडणारा कोन कोनमापकाने मोजा. १८० मधून तो वजा केला की गुडघ्याचे वाकणे मिळते. प्रत्येक पायाची निदान दहा पावले मोजा, आणि आपली चाल मोजली जात आहे हे मित्राच्या मनातून जाईपर्यंत त्याला आधी थोडे फिरू द्या.