आधी शोधा, मग पुसा

पुण्यात खराडीच्या ऑफिसात आमची शिफ्ट संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. उन्हाळ्यात तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे सहा वाजलेले असतात, पण रात्रीत तिथल्या लोकांनी केलेले अर्ज आमच्यासाठी येऊन पडलेले असतात. घरगुती सामान विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे हे ग्राहक. कुणाला कंपनीकडे आपली काय माहिती आहे ते बघायचं असतं, कुणाला ती डिलीट करून हवी असते, तर कुणाचं म्हणणं एवढंच, की माझी माहिती विकू नका. प्रत्येक अर्जाचं एक तिकीट होतं. पोच १० कामकाजी दिवसांत द्यायची आणि उत्तर ४५ दिवसांत. कारण कळवून आणखी ४५ दिवस मागता येतात. ‘विकू नका’ला मात्र १५च कामकाजी दिवस.

हे सगळं १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे. त्यासाठी जनमताची मोहीम चालवली ती अ‍ॅलिस्टर मॅकटॅगार्ट या सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल्डरने. बिल्डर आणि ग्राहकांचं भलं हे शब्द एका वाक्यात ऐकले की पुणेकराला जरा ठसका लागतो, पण खरं आहे. मतदान टाळण्यासाठी विधिमंडळाने २०१८ मध्ये घाईघाईने स्वतःच कायदा केला. २०२० च्या मतदानात तो आणखी कडक झाला.

लोकांना वाटतं, डिलीट म्हणजे एक बटण. प्रत्यक्षात आमचा बहुतेक वेळ माणूस शोधण्यात जातो. ऑर्डरच्या सिस्टिममध्ये तो असतोच. मग ऑफरचे ईमेल पाठवणाऱ्या वेंडरकडे, वॉरंटीत, पॉइंट्सच्या कार्डात, कॉल सेंटरच्या रेकॉर्डिंगमध्ये, जाहिरातवाल्यांना दिलेल्या यादीत आणि कुठल्या तरी दुकानाच्या मॅनेजरने तीन वर्षांपूर्वी केलेल्या एक्सेलमध्ये. “अगं, ही बाई चार ठिकाणी आहे आणि तीन नावांनी,” असं शेजारच्या टेबलावरून रोज ऐकू येतं. आपला ग्राहक आपल्याच घरात कुठे कुठे सांडलाय, हे कंपनीला अशा अर्जामुळेच पहिल्यांदा कळतं. माझ्या मते या कायद्याचा खरा उपयोग तोच. दंडाची भीती त्यानंतर.

सापडलेलं सगळं पुसताही येत नाही. माल अजून वाटेत असेल, वॉरंटी चालू असेल, करासाठी बिल ठेवणं भाग असेल, तर तेवढं राहतं. शिवाय ‘अमक्याने माहिती पुसायला सांगितली होती’ ही नोंद २४ महिने जपावी लागते.

दंड कशाला होतो ते बघण्यासारखं आहे. होंडाला मार्च २०२५ मध्ये ६,३२,५०० डॉलर भरावे लागले. ‘विकू नका’ म्हणायला ओळख पटवावी लागत नाही, तरी कंपनी लोकांकडे गरजेपेक्षा जास्त माहिती मागत होती, हा त्यातला एक आरोप. त्याच वर्षी टॉड स्नायडर या कपड्यांच्या कंपनीला ३,४५,१७८ डॉलर. नकार नोंदवण्याची वेबसाइटवरची सोय ४० दिवस बंद पडली होती. ती यंत्रणा वेंडरची होती, ही सबब चालली नाही. आमच्याकडे तेव्हापासून दर सोमवारी एकजण साध्या ग्राहकासारखा साइटवर जाऊन ‘नको’ म्हणून बघतो.

अमेरिकेत देशभराचा असा एकच कायदा नाही. व्हर्जिनिया, कोलोरॅडो, टेक्सास, सगळ्यांचे आपापले. ग्राहकांपुरता आमच्या कंपनीने सरसकट कॅलिफोर्नियाचाच नियम धरला आहे. कामगारांचं तसं नाही. त्यांना हे हक्क देणारं राज्य कॅलिफोर्नियाच, त्यामुळे गोदामात पूर्वी काम केलेल्या माणसाचा अर्ज आला की राज्य आधी बघायचं.

सर्वांत जपून उघडायचं तिकीट म्हणजे ‘माझी सगळी माहिती पाठवा’. त्यात पत्ता असतो, कधी नवा पत्ता. ओळख पटवायला तीन बाबी जुळवायच्या आणि खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र असल्याचं सहीनिशी लिहून घ्यायचं, असा नियमांतला दंडक. पण जन्मतारीख, जुना फोन, शेवटची ऑर्डर, हे सगळं घटस्फोटित नवऱ्यालाही पाठ असतं. अर्ज बाईच्या नावाने, ईमेल मात्र कालपरवा उघडलेला, आणि खात्यावरचा पत्ता दोन महिन्यांपूर्वी बदललेला. असं दिसलं की आमचा हात थांबतो. नोंदलेल्या जुन्या ईमेलवर विचारणा जाते. तिकडून होकार आला नाही तर पत्ता द्यायचा नाही, आपल्याकडे कोणत्या प्रकारची माहिती असते तेवढंच कळवायचं. नकाराचं कारण लिहावं लागतं, पण आम्हाला कशाचा संशय आला ते त्यात लिहायचं नाही, असं लीगलच्या मॅडमनी बजावलंय. पुढच्याच आठवड्यात तोच अर्ज नव्या ईमेलवरून पुन्हा येतो, या वेळी वकिलाची धमकी जोडून.