विश्लेषण : गाडी ‘लो’ केली की टायर आतूनच का झिजतात?

गाडी इंच-दीड इंच खाली बसवली की रुबाबदार दिसते आणि वळणावर कमी झुकते, हे खरेच. मीरा रोड, भाईंदर, काशिमिरा परिसरात अशा ‘लो’ केलेल्या हॅचबॅक आणि सेदान सहज नजरेस पडतात. त्यानंतर काही महिन्यांत येणारी तक्रारही ठरलेली असते. टायर बाहेरून नवा दिसतो, पण आतल्या कडेला गोटा झालेला असतो. गॅरेजमधले उत्तरही ठरलेले, ‘कॅम्बर आऊट आहे, म्हणून टायर खातोय.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. त्यामुळे अनेकदा चुकीच्या दुरुस्तीवर पैसे जातात आणि टायर खाण्याचे थांबत नाही.

उंची बदलली की चाकाचा कोन का बदलतो?

बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असते. चाक खालच्या बाजूने लोअर आर्म धरतो आणि वरच्या बाजूने स्ट्रट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप आणि स्प्रिंगची जोडी. चाक डावी-उजवीकडे वळवण्याचे काम टाय रॉडचे. लोअर आर्म आणि टाय रॉड आतल्या टोकाला बिजागरीसारखे बांधलेले असतात. त्यामुळे चाक वर-खाली होते तेव्हा दोघांची बाहेरची टोके सरळ न जाता कंपासने काढलेल्या कंसासारखी फिरतात.

या दोन कंपासांची लांबी आणि टोके वेगवेगळी असतात. गाडी ज्या उंचीवर चालणार, त्या उंचीच्या आसपास दोन्ही कंस शक्य तितके जुळावेत असा हिशेब कंपनी मांडते. आपण बॉडी ४० मिमी खाली आणतो तेव्हा चाक त्या हिशेबाबाहेरच्या जागेवर कायमचे जाऊन बसते.

मग दोन गोष्टी होतात. खाली झुकलेला लोअर आर्म आडवा होत जातो आणि चाकाचा तळ बाहेर ढकलतो, त्यामुळे समोरून पाहिल्यास चाकाचा माथा आत कललेला दिसतो. हा निगेटिव्ह कॅम्बर. दुसरीकडे टाय रॉडचा कंस वेगळा असल्याने चाक किंचित वळते. वरून पाहिल्यास दोन्ही चाके पुढच्या बाजूला फाकलेली (टो-आऊट) किंवा जवळ आलेली (टो-इन) दिसतात. यातले नेमके काय होईल, हे स्टीअरिंग रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे आहे की मागे आणि टाय रॉड किती उंचीवर आहे यावर ठरते. म्हणूनच ‘मित्राच्या गाडीला काही झाले नाही’ हा युक्तिवाद दुसऱ्या मॉडेलला लागू पडत नाही.

खरा दोषी कोण?

कॅम्बर डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष त्याच्यावर जातो. टो नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, पण टायर खाण्यात तो कॅम्बरच्या बराच पुढे आहे.

साधे त्रिकोणमितीचे गणित करून पाहू. समजा, प्रत्येक पुढचे चाक सरळ रेषेपासून फक्त अर्धा अंश फाकलेले आहे. छोट्या गाडीच्या टायरवर हा फरक जेमतेम ५ मिमी भरतो. गाडी सरळ जात असते, पण चाकाला अर्धा अंश बाजूला जायचे असते. अर्ध्या अंशाची साइन किंमत ०.००८७. म्हणजे दर किलोमीटरला टायर सुमारे ८.७ मीटर आडवा घासला जातो. १० हजार किमीत ही घासण सुमारे ८७ किमी होते. मुंबईहून लोणावळ्यापर्यंत टायर रस्त्यावर आडवा ओढत नेल्यासारखेच हे झाले.

कॅम्बरचे तसे नाही. टायर थोडा कललेला असला तरी तो पुढेच लोळत असतो, फक्त भार आतल्या कडेवर जास्त येतो. एक-दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर असूनही टो शून्याच्या जवळ असेल तर टायर बऱ्यापैकी आयुष्य देतो. शर्यतीच्या गाड्यांना मुद्दाम निगेटिव्ह कॅम्बर दिला जातो, कारण वळणावर गाडी झुकली की बाहेरच्या बाजूचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. (त्यांना ते टायर ४० हजार किमी चालवायचे नसतात, हा भाग वेगळा.)

थोडक्यात, झीज कुठे होणार हे कॅम्बर ठरवतो आणि किती वेगाने होणार हे टो. लो केलेल्या गाडीत दोन्ही एकत्र आले की सगळी घासण आतल्या दोन-तीन बोटांच्या पट्ट्यात एकवटते. मग एरवी ४० हजार किमी सहज चालणारा टायर दहा-पंधरा हजारांतही संपू शकतो.

मागच्या चाकांची कथा सौम्य असते. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम असतो आणि उंची कमी झाल्यावर त्याचे कोन फारसे हलत नाहीत. मात्र हलले, तर ते नेहमीच्या पान्याने जुळवता येत नाहीत.

मशीनवर सगळे हिरवे आले म्हणजे झाले का?

हा प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा, कारण फसगत इथेच होते. कॅमेऱ्याचे थ्रीडी अलाइनमेंट मशीन आता जवळपास प्रत्येक मोठ्या टायर दुकानात आहे. स्क्रीनवर आकडा लाल किंवा हिरवा दिसतो. पण ही मर्यादा कंपनीच्या मूळ उंचीच्या गाडीसाठी दिलेली असते. ‘हिरवा’ म्हणजे मर्यादेच्या आत, मर्यादेच्या मध्यावर नव्हे. मूळ गाडीला काठावरचा टो चालून जाईल, पण आधीच आत कललेल्या चाकाला तो महाग पडतो.

अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकांत फक्त टो जुळवण्याची सोय असते. कॅम्बर लाल आला की काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून तो ‘काढला’ जातो, म्हणजे चांगला भाग दाबून वाकवला जातो. याला स्पष्ट नकार द्यावा. कॅम्बर खरोखर जुळवायचाच असेल तर त्या मॉडेलसाठी मिळणारे कॅम्बर बोल्ट किंवा वरून सरकवता येणारे स्ट्रट माउंट हा रास्त मार्ग. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी हवा, मग बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमधला खेळ तपासायचा, त्यानंतर कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो पुन्हा बदलतो, त्यामुळे टो आधी करून काही उपयोग नाही.

नवी स्प्रिंग बसवल्यावर लगेच एकदा अलाइनमेंट करावी आणि स्प्रिंग बसल्यानंतर, म्हणजे पाचशे ते हजार किमीनंतर, पुन्हा एकदा. काम झाल्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे असलेला कागद मागून घ्यावा आणि त्यात दोन्ही पुढच्या चाकांचा टो शून्याच्या किती जवळ आहे ते पाहावे. चाकांचे बॅलन्सिंग ही वेगळी गोष्ट आहे. त्याने स्टीअरिंगची थरथर जाते, टायर खाणे थांबत नाही.

टायर डावी-उजवीकडे बदलूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण रिमची बाहेरची बाजू दोन्हीकडे बाहेरच राहते आणि आतली कड आतच. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा ‘आउटसाइड’ अशी खूण नसेल तर तो रिमवरून उतरवून पलटवता येतो. अर्धा टायर वाचवायचा हा एक खरा उपाय, पण दुकानदार तो आपणहून सांगेलच असे नाही.

स्प्रिंग कापली तर?

खर्च वाचवण्यासाठी मूळ स्प्रिंगचा एखादा वेटोळा ग्राइंडरने कापण्याची पद्धत जुनी आहे आणि तितकीच वाईट. सहा कार्यरत वेटोळ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते. कापलेले टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही, त्यामुळे चाक खड्ड्यात लटकले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅस कटर वापरला असेल तर उष्णतेने पोलादाचा कसही जातो. दोन्ही बाजू दोन-चार मिलीमीटरने कमी-जास्त कापल्या गेल्या तर डाव्या-उजव्या चाकाचे कोनही वेगळे होतात आणि गाडी एका बाजूला ओढू लागते.

आपल्या रस्त्यांवर त्रास अधिक का?

उंची कमी झाली की चाकाला वर उचलले जाण्यासाठी जागा कमी उरते. घोडबंदर रस्त्याचा गायमुख घाट असो किंवा मेट्रो-९ च्या खांबांकडेचे उखडलेले पट्टे, मूळ गाडीत स्प्रिंग जो दणका गिळते तो इथे रबरी बंपस्टॉपवर आदळतो आणि तिथून टाय रॉड, बुश, रिमपर्यंत पोहोचतो. जुळवलेला टो अशा दणक्यांनी पुन्हा हलतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, उतरता असावा. सोसायटीच्या गेटवरचे आखूड, उभे गतिरोधक या मानकाला कितपत धरून असतात हे कोणाही रहिवाशाला ठाऊक आहे. १६३ मिमी ग्राउंड क्लिअरन्सची स्विफ्ट ४० मिमी खाली आणली की १२३ मिमी उरतात आणि तेही रिकाम्या गाडीत.

गणपतीला पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन कोकणात निघालेली गाडी आणखी खाली बसते, म्हणजे चाकांचे कोन आणखी सरकतात. मशीनवर रिकाम्या गाडीचे मिळालेले आकडे त्या प्रवासात लागूच होत नाहीत.

धोका किती?

खर्चापेक्षा धोका मोठा आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिमी खोल असते. १.६ मिमी ही किमान मर्यादा आणि खाचांमधले छोटे उंचवटे तीच दाखवतात. पण आतली कड त्याखाली जाऊन स्टीलच्या तारा उघड्या पडल्या तरी बाहेरून नक्षी शाबूत दिसते. पावसात त्या कडेला पाणी बाहेर टाकायला खाच उरलेली नसते. समृद्धी महामार्गावर कारना ताशी १२० किमीची परवानगी आहे. त्या वेगाने सलग काही तास सिमेंटच्या रस्त्यावर तापलेला असा टायर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

तपासणी मोबाइलवर होते. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, टॉर्च सुरू करून फोन चाकाच्या मागे धरा आणि आतल्या कडेचा व्हिडीओ घ्या. मग गाडी बंद आणि टायर थंड असताना नक्षीवरून तळहात हलकेच आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग उलटा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे टोचले तर टो बिघडलाय. दोन्हीकडून गुळगुळीत पण एकच बाजू झिजलेली असेल तर कॅम्बर. तारा दिसत असतील तर हात लावू नका आणि गाडी महामार्गावर नेऊ नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो, आणि झिजलेला टायर सर्व्हेअरच्या अहवालात सहज येतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही ही आतली कड पाहावी. विकण्याआधी मूळ स्प्रिंग परत बसवता येतात, पण टायरची झीज आणि हायड्रॉलिक जॅकने वाकवलेला भाग तसाच राहतो.