ग्राहक कोण, आणि तो गावात केव्हा?

नवे दुकान मांडताना आपल्या घरांत पहिला हिशेब होतो तो जागेचा आणि भांडवलाचा. ग्राहकाचा प्रश्न ‘गाव मोठे आहे, चालेल’ एवढ्यावर मिटतो. बीड जिल्ह्यात मात्र गाव बाराही महिने सारखे नसते.

पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. 5-6 महिन्यांनी, गळीत हंगाम सरल्यावर परततात. मुकादमाच्या हिशेबात पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दुकानदारानेही आपला ग्राहक त्याच मापाने मोजावा. उचल हाती येते ती निघण्यापूर्वी, आणि तेव्हाच ताडपत्री, पांघरुणे, पातेली, पाण्याची पिंपे, बॅटरी यांची खरेदी होते. दिवाळी उलटल्यावर हा माल भरणाऱ्याचे गिऱ्हाईक तोवर फडात पोहोचलेले असते.

मार्गशीर्षात त्याच गावात बव्हंशी वृद्ध आणि शाळकरी मुले उरतात. पावशेर साखर, एखादी वही, डोकेदुखीची गोळी अशी त्यांची खरेदी थोडी, पण रोजची. त्या दिवसांत लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे आणून ठेवणे म्हणजे भांडवल कपाटात कोंडणे होय. त्यांना मागणी येते ती उन्हाळ्यातील लग्नसराईत.

उधारीचेही तसेच. उचल हे मुळात कर्जच. ती अंगावर राहिली, तर परतलेल्या कुटुंबाजवळ रोकड फारशी उरत नाही. खाते उघडताना हे सौजन्याने विचारून घ्यावे.

म्हणून जागेचा इसार देण्यापूर्वी एक फेरी मुकादमाकडे व्हावी. गावातून यंदा किती कोयते निघणार, हे त्याला ठाऊक असते.