भरीत, धूर आणि पेलेटची चूल

थंडी पडली की जळगाव-भुसावळ भागातील शेतांतून भरिताच्या पंगती सुरू होतात. यासाठी लागणारे वांगे वेगळेच असते: आकाराने मोठे, रंगाने फिकट हिरवे, अंगावर पांढरट रेघा आणि आत बिया कमी. यावल तालुक्यातील बामणोदची वांगी यासाठी विशेष नावाजलेली आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या किंवा तुरीच्या तुराट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची आणि मिरची-लसणाच्या ठेच्याबरोबर कालवून कळण्याच्या भाकरीशी नाहीतर पुरीशी खायची, अशी खानदेशची रीत आहे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, असे तेथील कोणीही सांगेल.

दीपनगर येथील एका शिक्षकमित्रांनी आम्हाला विचारले, की अमेरिकेतील त्यांचा भाचा ‘पेलेट स्मोकर’ नावाचे यंत्र घेऊन द्यायला तयार आहे, ते घ्यावे का आणि मागच्या अंगणात त्यावर भरीत होईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्याचे उत्तर मात्र देण्याआधी धूर म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे लागते. गंमत अशी, की हे समजून घेण्यासाठी दीपनगरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. एकाच गावात औष्णिक वीज केंद्राची अजस्र भट्टीही आहे आणि तीन दगडांची चूलही!

धूर म्हणजे न जळलेले सरपण

आपण ‘लाकूड जळते’ असे म्हणतो. पण ज्योतीत जळतो तो लाकडातून बाहेर पडणारा वायू. लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी जाते. पुढे दोनशे-सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या वर हेमिसेल्युलोज फुटू लागते, तीनशेच्या पुढे सेल्युलोज. तिसरा घटक म्हणजे लिग्निन. लाकडाला ताठपणा देणारे हे द्रव्य फार सावकाश, बऱ्याच मोठ्या तापमानपट्ट्यात विघटित होत राहते. या विघटनातून निघालेल्या वायूंना आणि वाफांना पुरेशी हवा व पुरेशी उष्णता मिळाली तर त्या जळून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. हवा किंवा उष्णता कमी पडली, की त्याच वाफा थंड होऊन बारीक थेंबांच्या रूपाने वर चढतात. त्यांनाच आपण धूर म्हणतो.

वर्गात हे सहज दाखवता येते. कडक काचेच्या परीक्षानळीत पऱ्हाटीचे वाळलेले तुकडे भरावेत, निमुळत्या काचनळीचे बूच बसवावे आणि परीक्षानळी थोडी तोंडाकडे उतरती धरून तापवावी. दाट पांढरा धूर निघू लागला, की नळीच्या टोकाशी जळती काडी न्यावी. धूर पेट घेतो. नळीच्या थंड भागात तपकिरी द्रव जमतो. त्यात निळा लिटमस लाल होतो, कारण त्यात ॲसेटिक आम्ल असते. (प्रयोग उघड्या खिडकीपाशी करावा आणि नळीचे तोंड कोणाच्याही दिशेला धरू नये.)

भरिताची चव याच तपकिरी पदार्थात आहे. लिग्निन फुटताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही फिनॉल वर्गातील संयुगे तयार होतात. धुराच्या चवीत ग्वायकॉलचा आणि वासात सिरिंगॉलचा मोठा वाटा असतो. देवदार-चीडसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लिग्निनपासून सिरिंगॉल जवळजवळ मिळत नाही. कापूस आणि तूर यांसारख्या द्विदल वनस्पतींपासून दोन्ही मिळतात. गॅसच्या शेगडीत जळतात ते प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांत लिग्निन कोठून येणार? तेथे जी काही जळकी चव येते ती वांग्याच्या स्वतःच्या सालीची.

पण ज्या अर्धवट ज्वलनातून चव येते, त्यातूनच काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगेही येतात. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसातील बेंझोपायरीनवर २०१४ पासून किलोमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. भरिताची बाजू या बाबतीत बरीच भक्कम आहे. वांग्यात चरबी नसल्यामुळे ती निखाऱ्यावर गळून जळत नाही, आणि काजळी ज्या सालीवर बसते ती साल आपण काढून टाकतो. धोका खाणाऱ्यापेक्षा फुंकणाऱ्याला अधिक आहे. वर्षातून चार-दोनदा, उघड्या शेतात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसून केलेल्या जाळाची गोष्ट वेगळी आणि बंद स्वयंपाकघरात रोज दोन वेळा पेटणाऱ्या चुलीची वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. ‘आमच्या आजीने जन्मभर चूल फुंकली, तिला काही झाले नाही’ हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. ज्या आज्यांना काही झाले, त्या तो खोडून काढायला नसतात.

बारीक सरपण, मोठा जाळ

जळणे पृष्ठभागावर होते, म्हणून सरपण जितके बारीक तितके ते झपाट्याने जळते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याऐवजी तेवढ्याच लाकडाच्या एक सेंटिमीटर जाडीच्या शंभर काड्या घेतल्या, तर हवेला मिळणारा बाजूचा पृष्ठभाग दहापट होतो. तुराट्यांचा जाळ भडकतो तो यामुळे. शेकडो अंशांच्या ज्वाळेत साल करपते आणि आत मात्र, वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे, तापमान शंभराच्या फारसे वर जात नाही. गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. बाहेर भट्टी आणि आत वाफ ही जोडी साधली तरच भरीत जमते.

दीपनगरच्या केंद्रात हेच तत्त्व टोकाला नेले आहे. तेथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा संचाच्या भट्टीत कोळसा ढेकळांच्या रूपात टाकत नाहीत. तो चक्क्यांमध्ये दळून त्याचे पीठ करतात, इतके बारीक की साधारण ७० टक्के कण ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून पार व्हावेत. हे पीठ हवेच्या झोताबरोबर भट्टीत उडते आणि एक-दोन सेकंदांत जळून जाते. चिमणीतून राख आणि वायू बाहेर पडतात, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पण चुलीसारखा धूर तेथे होऊ दिला जात नाही, कारण धूर म्हणजे वाया गेलेले इंधन.

मग पेलेट म्हणजे काय? लाकडाचा किंवा पिकांच्या काड्यांचा भुसा मोठ्या दाबाखाली छिद्रांतून काढलेल्या सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या लहान कांड्या. दाबाने आणि घर्षणाने भुसा तापतो, त्यातील लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच डिंकाचे काम करते. आधी बारीक करून पुन्हा घट्ट का करायचे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. सुट्या पऱ्हाट्या एक घनमीटर जागेत शंभर किलोही मावत नाहीत, पेलेट सहाशेहून अधिक मावतात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पेलेट धान्यासारखे वाहतात, म्हणून ते यंत्राने मोजून घालता येतात.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी याच गुणाचा उपयोग करून १९८५ च्या सुमारास पेलेटची स्वयंपाकाची भट्टी तयार केली आणि १९८६ मध्ये तिचे पेटंट घेतले. २००६ मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हा इतर अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या. यंत्राची रचना पाभर पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. एका बाजूला चाड्यासारखी पेटी, तिच्या तळाशी मळसूत्री दांडा. दांडा फिरला की थोडे पेलेट पुढे सरकून लहानशा अग्निपात्रात पडतात. सुरुवातीला विजेची तापणारी कांडी त्यांना पेटवते, पंखा हवा पुरवतो. तापमापक आतील तापमान नियंत्रकाला कळवतो, आणि नियंत्रक दांडा व पंखा किती चालवायचा ते ठरवतो. तापमान साधारण ८० ते २५० अंशांमध्ये हवे तेथे ठेवता येते. मंद आचेवर तासाला अर्धा ते एक किलो पेलेट लागतात.

येथे एक विसंगती आहे, आणि यंत्र निवडताना तीच लक्षात ठेवली पाहिजे. नियंत्रक जितका चांगला, तितके ज्वलन पूर्ण आणि धूर कमी. जुन्या, ओबडधोबड नियंत्रकाच्या यंत्रात पेलेट मध्येच धुमसतात, तापमान वर-खाली होते आणि अन्नाला धुराची चव अधिक येते. म्हणून ‘तापमान एक अंशही हलत नाही’ ही जाहिरात वाचून कोणी धुराच्या चवीसाठी यंत्र घेतले, तर त्याची निराशा होईल. धूर कसा आहे हे रंगावरून कळते. पातळ, निळसर धूर चांगला. त्यातील कण फार बारीक असल्यामुळे ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, आकाश निळे दिसते त्याच न्यायाने. दाट पांढरा धूर मोठ्या थेंबांचा असतो आणि त्याने अन्न कडवट होते.

भरीत या यंत्रावर का होत नाही हे आता उघड आहे. तेथे वांग्याला ज्वाळा लागत नाही. ११० अंशांवर ते तासन्‌तास सुकत राहील आणि अडीचशेवर ओव्हनमध्ये भाजल्यासारखे होईल. हे यंत्र मुळात मांसाच्या मोठ्या, चिवट तुकड्यांसाठी आहे. त्यांतील कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे मऊ जिलेटिन व्हायला मंद आच आणि कित्येक तास लागतात; तेवढा वेळ जाळाजवळ बसण्याचे काम यंत्र करते. ज्या घरात असा मटणाचा बेत वरचेवर होतो, तेथे ते उपयोगी पडेल. कधीमधी धुराचा स्वाद हवा असेल तर पत्र्याचा झाकणाचा पिंप पुरतो. निखाऱ्यावर तूप सोडून दिलेली धुरी हा आणखी सोपा मार्ग. मात्र तो धूर मुख्यतः तुपाचा असतो, लाकडाचा नव्हे.

पेलेट मिळणार कोठून?

आमच्या मते खरी अडचण यंत्राची नाही, पेलेटची आहे. पेलेटवर स्वयंपाक ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेली ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल बीपी या तेल कंपनीने २००६ साली बाजारात आणली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने ती चालवली. पिकांच्या अवशेषांच्या पेलेटवर चालणाऱ्या या चुलीत धूर फार कमी होई. महाराष्ट्र, कर्नाटक आदी राज्यांत मिळून सुमारे चार लाख चुली खपल्या. पण कारखान्यांचे बॉयलर त्याच अवशेषांना गिऱ्हाईक झाले, पेलेटचा भाव चढत गेला आणि बहुतेक घरांनी चुली बाजूला ठेवून दिल्या. चूल उत्तम होती. सरपण हातचे गेले. २०२१ साली केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशाच्या वीज केंद्रांत पाच टक्के पेलेट मिसळण्याचे धोरण आणले, त्यामुळे आता मागणी आणखी मोठ्या गिऱ्हाइकाची आहे.

शिवाय बॉयलरसाठी विकले जाणारे पेलेट अन्नासाठी वापरू नयेत. त्यांत प्लायवूडचा किंवा रंग दिलेल्या लाकडाचा भुसा नसेलच याची खात्री नसते. अन्नासाठीचे पेलेट ओक, हिकरी, सफरचंद, मेस्किट अशा लाकडांचे असतात आणि आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. (मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचीच बहीण.) दुसरीकडे कपाशीच्या एका हेक्टरात दोन-तीन टन पऱ्हाट्या निघतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांपासून पेलेट करण्याचे तंत्र बसवले आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार केला. त्या अळीचे कोष पऱ्हाट्यांवरील वाळक्या बोंडांत टिकून राहतात, म्हणून घराशेजारी पऱ्हाट्यांच्या गंजी रचून ठेवू नका असे कृषी खाते सांगत असते. पेलेटचे कारखाने या दृष्टीने शेतकऱ्याच्या हिताचेच आहेत. मात्र पऱ्हाट्यांच्या पेलेटमध्ये लाकडापेक्षा राख बरीच जास्त असते आणि तीत पोटॅशियम असल्यामुळे ती लवकर वितळून अग्निपात्रात खडे धरतात.

हे सर्व जाणूनही यंत्र घ्यायचेच असेल, तर अमेरिकेतून आणू नये. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. दाब जवळजवळ दुप्पट झाला की पेटवणाऱ्या कांडीची शक्ती जवळजवळ चौपट होते आणि ती जळते. दहावीच्या मुलांना हे गणित घालावे. पुण्या-मुंबईत मिळेल ते २३० व्होल्टचे यंत्र पाहावे, राख काढायला अग्निपात्र सहज सुटते का ते विचारावे, आणि पत्रा जाड असावा. पंख्याला वीज हवीच. ती मध्येच गेली तर हवा थांबते, अग्निपात्रातली आग कधीकधी दांड्यातून पेटीकडे मागे सरकते. अशा वेळी यंत्रापाशी कोणीतरी असावे. पावसाळ्यात पेलेट बंद डब्यात ठेवावेत, नाहीतर दमट हवेने फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि दांडा अडकतो.

आमच्या मित्रांना आम्ही सांगितले, की रोजचा स्वयंपाक गॅसवर करावा आणि भरितासाठी तुराट्याच वापराव्यात: चांगल्या वाळलेल्या, एकावर एक मोकळ्या रचलेल्या, अंगणाच्या उघड्या कोपऱ्यात. वांग्याला भाजण्यापूर्वी सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचावे, म्हणजे आतील वाफेने ते फुटत नाही. जाळ बसला की राख फेकू नये. ती पाण्यात कालवून गाळावी आणि त्या पाण्यात लाल लिटमस बुडवावा. ज्या काडीच्या धुराने निळा लिटमस लाल केला, तिच्याच राखेच्या पाण्याने, त्यातील पोटॅशियम कार्बोनेटमुळे, लाल लिटमस निळा होतो.