जुनी शिल्लक, नवी वही

दिवाळीत वहीपूजन झाले की जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीत ओढली जाते. जुनी वही जशीच्या तशी कोणी उतरवून काढीत नाही. खरे येणे आणि खरे देणे तेवढे पुढे जाते. बाकीचा तपशील कपाटात जातो. बँकेच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला हा नियम हिशेबापुरताच ठाऊक होता. तो करमणुकीच्या जगालाही लागू पडतो, हे गेल्या दिवाळीत नातीमुळे ध्यानी आले.

१९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ ही मालिका आली, तेव्हा मी नोकरीला नुकताच लागलो होतो. मुखेडसारख्या गावात दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरी असत. उंच बांबूवर बांधलेली अँटेना एकाने फिरवायची आणि ‘आले का?’ म्हणून गच्चीवरून विचारायचे, हा नित्याचा कार्यक्रम. मालिकेच्या वेळी व्यापारी मंडळी दुकान वाढवून लगबगीने घरी येत. पंकज पराशर यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत पंकज कपूर गुप्तहेर झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात गाजर आणि सोबत भाबडी साहाय्यक किटी. ही भूमिका सुष्मिता मुखर्जी यांनी केली होती. खुनाचा तपास गंभीरपणे चालू असतानाच किटी काहीतरी भलतेच बोले, करमचंद तिला गप्प करी आणि सारे घर खळखळून हसे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र पाहावे, असे त्यात काही होते.

हेरगिरीची अशी थट्टा आपल्याआधी अमेरिकेत झाली होती. मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांनी निर्माण केलेली ‘गेट स्मार्ट’ ही मालिका १९६५ ते १९७० या काळात तेथे गाजली. तिचा नायक बुटात दडविलेल्या दूरध्वनीवरून बोले! जेम्स बाँडच्या चित्रपटांची तेव्हा चलती होती, अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होते. त्या भयावर लोकांनी हसून उतारा शोधला. पुढे १९९५ मध्ये मूळ नायक डॉन अ‍ॅडम्स यांनाच घेऊन मालिका पुन्हा सुरू झाली, पण थोड्याच भागांत आटोपली. २००८ साली स्टीव्ह कॅरेल यांना घेऊन त्यावर चित्रपट निघाला.

करमचंदचेही काहीसे असेच झाले. २००७ मध्ये तो सोनी वाहिनीवर परतला. नायक तेच पंकज कपूर, दिग्दर्शकही तेच. किटी मात्र नवी. मोठ्या उत्सुकतेने आम्ही घरचे सारे बसलो. परंतु पूर्वीचा रंग भरला नाही, आणि मालिका फार काळ टिकलीही नाही. माझ्या मते दोष अभिनयाचा नव्हता. १९८५ मध्ये एकच वाहिनी होती आणि साऱ्या गावाची करमणूक तिच्याच ओंजळीत होती. २००७ मध्ये त्याच वाहिनीवर ‘सीआयडी’ने नऊ वर्षे आधीच आपले आसन पक्के केले होते. गाजर आणि चष्मा नव्या वहीत आले; ज्या काळाने त्यांना मोल दिले होते, तो मात्र येणे शक्य नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. त्यासोबत बासू चटर्जी यांची १९९३ ची ‘ब्योमकेश बक्शी’ ही मालिकाही आली. बाजार बंद, शटर खाली, सारे घर एका छताखाली. त्या दिवसांत जुने जसेच्या तसे चालले, कारण परिस्थितीच जुन्यासारखी झाली होती. टाळेबंदी उठली आणि घरातील प्रत्येक जण पुन्हा आपापल्या मोबाईलमध्ये गेला.

मग जुन्या वस्तूचे पुनरुज्जीवन करावे तरी कसे? याचे एक उत्तर आपल्या मराठीतच, आणि थोडेसे आपल्या लातूरकडेही आहे. भा. रा. भागवत यांनी १९७० च्या दशकात फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच ‘फास्टर फेणे’, मराठी मुलांच्या हाती दिला. सायकलवर भरधाव सुटणारा, संकटाचा वास लागताच त्यात उडी घेणारा हा काटकुळा मुलगा. ऐंशीच्या दशकात सुमीत राघवन यांनी दूरदर्शनवर त्याला साकारले. २०१७ साली त्यावर चित्रपट निघाला. निर्मात्यांमध्ये लातूर जिल्ह्यातील बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश आणि जेनेलिया हे दांपत्य होते. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचे, नायक अमेय वाघ.

या मंडळींनी जुनी कथा उतरवून काढली नाही. त्यांचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो, तेथे ओळख झालेल्या एका परीक्षार्थीचा मृत्यू होतो आणि शोध घेता घेता परीक्षेतील काळा बाजार उघडा पडतो. धाडस, चौकसपणा आणि मित्रासाठी जीव टाकण्याची वृत्ती ही मूळ शिल्लक तेवढी त्यांनी पुढे ओढली. दिलीप प्रभावळकर यांना भागवतांच्याच रूपात पडद्यावर आणून जुन्या खातेदाराचा मानही राखला. मूळ पुस्तकांतील निरागस खोडकरपणा थोडा कमी झाला, ही माझी तक्रार आहे. पण हिशेब एकंदरीत जुळला.

आमची नात अकरावीपासून लातूरला शिकते. मुखेडच्या कितीतरी घरांतील मुले ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने अशीच तेथे खोली घेऊन राहतात. गेल्या दिवाळीत ती आली, पण पूर्वीसारखी बोलेना. विचारले तर “ठीक आहे, आजोबा” एवढेच. एका संध्याकाळी मी तिला करमचंदचा एक भाग दाखविला. माझ्या समाधानासाठी ती पंधरा मिनिटे बसली, गाजर पाहून हसली आणि म्हणाली, “आजोबा, किती हळू चालते हो हे!” मग तिने ‘फास्टर फेणे’ लावला. आम्ही तिघे, ती, तिची आजी आणि मी, शेवटपर्यंत पाहत बसलो.

चित्रपट संपल्यावर ती आपणहून बोलू लागली. चाचणीत गुण घसरले की वर्गात मागे बसावे लागते, २०२४ मध्ये नीटच्या गैरप्रकारांच्या चौकशीत लातूरचे नाव आले तेव्हा रात्र रात्र अभ्यास केलेल्या मुलांना काय वाटले, शेजारच्या खोलीतील मुलगी न सांगता घरी का निघून गेली. तासभर ती बोलत होती. आम्ही दरमहा फीचे पैसे पाठवीत होतो, गुणांची चौकशी करीत होतो. ही चौकशी मात्र कधी केलीच नव्हती. तिची आजी एवढेच म्हणाली, “गुण कमी पडले तर दुकान आहे, घर आहे. तू आधी सांगत जा बाई.”

करमचंदने आम्हाला एकत्र बसविले होते, ते हसण्यासाठी. फेणेने नातीला बोलते केले, कारण त्याने तिच्याच पिढीचे भय ओळखले होते. येत्या सुट्टीत मुले घरी येतील, तेव्हा आपल्या आवडीची एक जुनी मालिका त्यांना अवश्य दाखवा. मग त्यांच्या आवडीचे काही त्यांच्याजवळ बसून शेवटपर्यंत पाहा, आणि संपल्यावर लगेच उठू नका.